अस्थी, सांधे व मृदू ऊतींचे विकार

अस्थी, सांधे व मृदू ऊतींचे विकार म्हणजे शरीराचा सांगाडा, त्यातील जोड आणि त्यांना बांधून ठेवणारे स्नायू, कंडरा, अस्थिबंध व त्यांभोवतीच्या ऊती यांत होणारे रोगजन्य बदल होत. या बदलांची कारणे, क्रम आणि परिणाम यांचा अभ्यास विकृतिविज्ञान ही वैद्यकाची शाखा करते. गुडघेदुखी, कंबरदुखी, मुरगळणे, उसण भरणे, 'वात आला' अशा नावांनी लोकव्यवहारात ओळखल्या जाणाऱ्या तक्रारींच्या मागे एकच रोग नसून परस्परांहून अगदी भिन्न अशा प्रक्रिया असतात. काहींत झीज होते, काहींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यावर उलटते, काहींत जंतुसंसर्ग असतो, तर काहींत पिण्याच्या पाण्यातील किंवा आहारातील दोष कारणीभूत असतो.

वेदना सारखी वाटली तरी मूळ कारण वेगळे असल्यामुळे उपचारही वेगळे असतात. झिजेच्या गुडघेदुखीत थोडा विलंब झाला तर फारसे बिघडत नाही. मणक्याच्या क्षयात किंवा सांध्यात पू झाल्यास मात्र तोच विलंब कायमचे अपंगत्व आणू शकतो. हा फरक ओळखता येणे हे या विषयाचे व्यावहारिक महत्त्व होय.

सामान्य रचना

हाड ही जिवंत ऊती आहे. त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असून त्यांवर कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक बसलेले असतात. तंतूंमुळे हाडाला लवचिकता आणि स्फटिकांमुळे कठीणपणा येतो. अस्थिभक्षी पेशी जुने हाड कुरतडून काढतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड घालतात. हे काम जन्मभर चालू असते. वयाच्या सुमारे तिशीपर्यंत हाडांतील ठेव वाढत जाते, पुढे काही काळ स्थिर राहते आणि नंतर हळूहळू घटते.

सांध्यात दोन हाडांची टोके कूर्चेने आच्छादलेली असतात. कूर्चा गुळगुळीत व दाब सोसणारी असते, पण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी आरंभी दुखत नाही आणि एकदा झिजल्यावर पूर्ववत भरूनही येत नाही. सांध्याच्या आतील बाजूस संधिकला नावाचे पातळ अस्तर असते. ते संधिद्रव तयार करते. हा द्रव वंगणाचे काम करतो आणि कूर्चेचे पोषणही करतो.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा, तर हाडाला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. या दोहोंचा रक्तपुरवठा बेताचाच असल्यामुळे त्यांची इजा भरून येण्यास वेळ लागतो.

हाडांचे विकार

अस्थिभंग व हाड जुळणे

हाड मोडल्याबरोबर त्या जागी रक्त साकळते. पहिल्या काही दिवसांत तेथे शोथ होतो आणि मृत पेशी दूर केल्या जातात. पुढील दोन-तीन आठवड्यांत तंतू व कूर्चा यांचा मऊ सांधा तयार होतो. काही आठवड्यांत त्याचे रूपांतर कठीण अस्थीत होते. त्यानंतर अनेक महिने, कधी काही वर्षे, या जादा हाडाची घडण सुधारत जाते. लहान मुलांमध्ये ही क्रिया वेगाने होते. तंबाखूचे सेवन, मधुमेह, कुपोषण, जखमेतील संसर्ग आणि तुटलेल्या टोकांची हालचाल यांमुळे हाड जुळण्यास विलंब होतो.

ग्रामीण भागात हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेण्याची रूढी जुनी आहे. तिच्यातील मोठा धोका घट्ट बांधणीचा असतो. मोडलेल्या भागाला सूज येत असताना बांबूच्या कामट्या व पट्टी आवळलेली राहिली, तर स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढतो आणि रक्तपुरवठा थांबतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात. मुलांमध्ये कोपराजवळील अस्थिभंगानंतर असे घडल्यास हाताची बोटे कायमची आखडतात. या विकृतीला जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांचे नाव आहे. बांधल्यानंतर वेदना वाढत जाणे, बोटे ताणली असता असह्य कळ येणे, बोटे बधिर, थंड किंवा निळसर पडणे ही चिन्हे दिसताच बांधणी सैल करून रुग्णालय गाठावे लागते. प्लॅस्टर रुग्णालयात घातलेले असले तरी हाच नियम लागू होतो.

अस्थिसुषिरता

ऑस्टिओपोरोसिस या नावाने परिचित असलेल्या या विकारात हाडाचा प्रकार बदलत नाही, त्याचे प्रमाण घटते. आतील जाळी विरळ होते आणि कवच पातळ पडते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे अस्थिभक्षी पेशींचे काम वाढते, म्हणून स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे, बैठे जीवन, धूम्रपान व मद्यपान ही इतर कारणे होत. हाड मोडेपर्यंत हा विकार सहसा दुखत नाही. मनगट, मणके आणि खुब्याजवळील मांडीचे हाड या तीन ठिकाणी प्रामुख्याने अस्थिभंग होतात. वयस्क व्यक्तीची उंची कमी होणे व पाठीला बाक येणे हे मणके दबल्याचे लक्षण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये अस्थिघनतेच्या मोजणीवर आधारित व्याख्या ठरवून दिली. तीनुसार तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीहून २.५ प्रमाणविचलन किंवा त्याहून खाली घनता गेल्यास अस्थिसुषिरता मानतात.

मुडदूस व अस्थिमृदुता

या दोन्ही विकारांत हाडाचा प्रथिनमय साचा तयार होतो, पण त्यावर क्षार बसत नाहीत. वाढीच्या वयात असे झाल्यास मुडदूस होतो. त्यात मनगटे रुंद होतात, फासळ्यांच्या टोकांशी मण्यांसारखे उंचवटे येतात आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. प्रौढांतील विकारास अस्थिमृदुता म्हणतात. त्यात अंग मोडून येणे, मांड्या व ओटीपोटाच्या हाडांत दुखणे, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना शक्ती न लागणे ही लक्षणे असतात. ड जीवनसत्त्वाचा अभाव हे मुख्य कारण होय. त्वचेवर सूर्यप्रकाश पडल्यावर हे जीवनसत्त्व शरीरात तयार होते. तरीही उन्हाच्या प्रदेशात त्याचा अभाव आढळतो, कारण घरातील वास्तव्य, अंग झाकणारा पोशाख आणि आहारातील कॅल्शियमची उणीव यांमुळे ऊन असूनही त्याचा उपयोग होत नाही. अस्थिमृदुता औषधांनी बरी होते. म्हणून तिला 'वयाचे दुखणे' समजून सोडून देणे ही मोठी चूक ठरते.

अस्थि-फ्लोरोसिस

पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षे जादा फ्लोराइड पोटात गेल्याने दात व हाडांत होणाऱ्या विकृतीस फ्लोरोसिस म्हणतात. भारतात हाडांच्या फ्लोरोसिसचे पहिले वर्णन तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लूर जिल्ह्यातून १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड हे या विकाराने बाधित जिल्ह्यांपैकी आहेत.

फ्लोराइड हाडातील स्फटिकांत शिरून त्यांची रासायनिक घडण बदलते. हाड क्ष-किरण चित्रात दाट व पांढरे दिसते, पण प्रत्यक्षात ते ठिसूळ असते. पुढे अस्थिबंध व कंडरा यांतही क्षार साचतात, पाठीचा कणा ताठर होतो, मान वळत नाही आणि मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. दात तयार होण्याच्या काळात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जादा फ्लोराइड मिळालेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. एखाद्या गावातील बऱ्याच मुलांचे दात असे दिसणे ही त्या गावाच्या पाण्याबद्दलची पहिली सूचना होय. आहारात कॅल्शियम कमी असल्यास विकृती अधिक तीव्र होते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. हाडांत एकदा झालेली विकृती मागे घेणारे औषध नाही. प्रतिबंध हाच उपाय असल्यामुळे पाण्याचा स्रोत बदलणे किंवा फ्लोराइड काढून टाकणे आवश्यक ठरते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेली 'नळगोंडा पद्धत' यासाठी प्रसिद्ध आहे. तीत पाण्यात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर मिसळून ढवळतात आणि गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी वापरतात.

या संदर्भात पश्चिम विदर्भातील एक गैरसमज नोंदवण्याजोगा आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला असून बाळापूर तालुक्यातील अनेक गावे त्यात येतात. तेथील विहिरींचे पाणी चवीलाच खारट लागते. खारेपणा आणि फ्लोराइड या मात्र दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फ्लोराइडला चव, रंग वा वास नसतो. त्यामुळे गोड्या पाण्यातही ते जादा असू शकते आणि खारट पाण्यात कमी असू शकते. प्रयोगशाळेतील तपासणीवाचून याचा निर्णय करता येत नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते.

अस्थिमज्जाशोथ

जंतुसंसर्गामुळे हाड व मज्जा यांना येणाऱ्या शोथास हे नाव आहे. बहुतेक रुग्णांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आढळतो. मुलांमध्ये लांब हाडांच्या टोकाजवळ, जेथे वाढ चालू असते, तेथे रक्तावाटे येऊन तो वस्ती करतो. पू हाडाच्या बंदिस्त पोकळीत साचल्याने दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तुकडा मरतो. या मृत तुकड्याभोवती नवे हाड तयार होते. आत अडकलेल्या मृत हाडापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून त्वचेला छिद्र पडून वर्षानुवर्षे पू वाहत राहतो. ताप आलेले मूल एखादा हात किंवा पाय हलवू देत नसेल, तर त्या अवयवाला चोळणे किंवा शेक देणे धोक्याचे ठरते. असे मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

हाडांचा व मणक्याचा क्षय

क्षयरोग्यांपैकी थोड्यांनाच हाडांचा क्षय होतो, पण अशा रुग्णांतील जवळपास निम्म्यांत तो मणक्यांना होतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्यामुळे येथे हा विकार दुर्मीळ नाही. फुप्फुसातून किंवा लसीकाग्रंथीतून रक्तावाटे आलेले जंतू मणक्याच्या पुढील भागात, चकतीलगत, स्थिरावतात. शेजारचे दोन मणके पोखरले जातात, मधली चकती दबते आणि पुढची बाजू खचल्याने पाठीत कुबड निघते. पू स्नायूंच्या वाटेने दूरवर, कधी जांघेपर्यंत, उतरतो. त्यात उष्णता व लाली नसल्याने त्यास शीत विद्रधी म्हणतात. मज्जारज्जू दाबला गेल्यास पाय लुळे पडतात. पायांतील या लुळेपणाचे व पाठीच्या बाकाचे नाते इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिले, त्यावरून या रोगाला पॉटचा रोग असेही म्हणतात.

आरंभी फक्त पाठदुखी असते. ती महिनोन्महिने टिकते, रात्री वाढते आणि तिच्यासोबत बारीक ताप, भूक मंदावणे व वजन घटणे ही लक्षणे असू शकतात. नेमक्या याच काळात रुग्ण मालिश, शेक व वेदनाशामक गोळ्या यांत वेळ दवडतो. वेळीच ओळखल्यास क्षयविरोधी औषधांनी हा रोग बहुधा शस्त्रक्रियेवाचूनही बरा होतो. औषधे मात्र अनेक महिने, पूर्ण मुदतीपर्यंत, घ्यावी लागतात. शासकीय क्षयरोग कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात.

सिकलसेल रोगातील अस्थिविकृती

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात, विशेषतः पूर्व विदर्भातील आदिवासी व इतर अनेक समाजांत, तसेच नंदुरबार भागात आढळतो. जेम्स हेरिक यांनी अमेरिकेत १९१० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांच्या मज्जेतील रक्तप्रवाह मंद असल्यामुळे तेथे त्याचा फटका तीव्र बसतो. तान्ह्या मुलांत हात-पाय सुजतात. मोठ्या मुलांत व तरुणांत हाडांत असह्य कळा येतात. मांडीच्या हाडाचे गोल डोके रक्ताविना मरून चपटे होते आणि ऐन तारुण्यात खुब्याचा सांधा निकामी होतो. मृत झालेल्या भागात साल्मोनेला जंतूंचा संसर्गही होतो. तरुणाचा खुबा दुखू लागल्यास विदर्भात सिकलसेलची चाचणी केल्याशिवाय कारणमीमांसा पूर्ण होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी चाचणी करण्याचा सल्ला दिला जातो.

अस्थि-अर्बुदे

प्रौढांच्या हाडांत आढळणाऱ्या कर्करोगांपैकी बहुतेक मूळचे हाडांतले नसतात. स्तन, पुरस्थग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड अथवा अवटू ग्रंथी यांच्या कर्करोगातून ते हाडांत पसरलेले असतात. मूळ हाडांत होणारा ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः किशोरवयात, बहुधा गुडघ्याजवळ, होतो. खेळताना मार लागल्याचे निमित्त होऊन तो लक्षात येतो, मारामुळे तो होत नाही. विश्रांतीत व रात्री वाढणारी वेदना आणि वाढत जाणारी सूज ही त्याची लक्षणे होत.

सांध्यांचे विकार

संधिझीज

ऑस्टिओआर्थ्रायटिस या नावाने ओळखला जाणारा हा सांध्यांचा सर्वांत सामान्य विकार आहे. कूर्चेतील पाणी धरून ठेवणारे रेणू कमी होतात, पृष्ठभाग खरखरीत होतो, त्याला चिरा पडतात आणि अखेर हाड उघडे पडते. खालचे हाड दाट होते व कडांना हाडाच्या टोकदार वाढी येतात. संधिकलेलाही सौम्य शोथ येतो. म्हणजे ही केवळ यंत्रासारखी घासण्याची क्रिया नसून संपूर्ण सांध्याचा विकार आहे. भारतात खुब्यापेक्षा गुडघ्याला तो अधिक होतो. गुडघ्याच्या आतील बाजूची कूर्चा आधी झिजते, त्यामुळे पाय बाहेरच्या बाजूस वाकतात. वय, लठ्ठपणा, जुनी इजा व आनुवंशिकता ही प्रमुख कारणे होत. उकिडवे बसणे व जड ओझी वाहणे यांची कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक असते.

चालल्याने दुखणे वाढते आणि विश्रांतीने कमी होते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन घटवणे हे उपचाराचे मुख्य आधार आहेत. दुखते म्हणून चालणेच सोडून दिल्यास स्नायू अशक्त होतात व सांधा अधिकच डळमळतो. सांधा अगदी निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवता येतो.

संधिवाताभ शोथ

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या आजारात प्रतिकारशक्ती संधिकलेवर हल्ला करते. संधिकला जाड होते, तीत रक्तवाहिन्या वाढतात आणि ती कूर्चेवर पसरून कूर्चा व हाड कुरतडते. हात-पायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळचा ताठरपणा तासापेक्षा जास्त टिकतो. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. धूम्रपानाने धोका वाढतो. फुप्फुसे, डोळे व रक्तवाहिन्या यांनाही बाधा होऊ शकते.

पहिल्या काही महिन्यांत योग्य औषधे सुरू केल्यास सांध्यांची विकृती बरीच टाळता येते. मेथोट्रेक्सेट हे यातील प्रमुख औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास मज्जा दबून प्राणघातक परिणाम होऊ शकतात. म्हणून चिठ्ठीवर आठवड्याचा वार लिहून घेणे हितावह ठरते.

गाउट

रक्तात युरिक आम्ल वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. पांढऱ्या पेशी ते गिळू पाहतात आणि त्यातून तीव्र शोथ होतो. बहुधा मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक होऊन पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. दीर्घकाळात कानाच्या पाळीवर व सांध्यांभोवती खडूसारख्या गाठी येतात. इंग्रज वैद्य गॅरॉड यांनी १८४८ मध्ये गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवले. केवळ रक्तात युरिक आम्ल जास्त निघाले म्हणजे गाउट झाला असे नव्हे. इतर कारणाने गुडघा दुखणाऱ्या अनेकांना या एका आकड्यावरून उगाच डाळी व भाज्या सोडण्यास सांगितले जाते.

पूयजन्य संधिशोथ

सांध्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाल्यास काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते. एकच सांधा अचानक सुजणे, तो अजिबात न हलवता येणे व ताप ही लक्षणे असल्यास सांध्यातील द्रव सुईने काढून तपासणे आणि पू काढून टाकणे तातडीचे ठरते.

चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी

चिकुनगुनिया हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप आहे. त्याचे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आले असून त्याचा अर्थ सांधेदुखीने वाकून जाण्याशी निगडित आहे. महाराष्ट्रात १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली होती. नंतर तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये देशभर परतला. त्या वेळी विदर्भ व मराठवाड्यातील गावेच्या गावे अंथरुणाला खिळली. ताप आठवड्यात उतरतो, पण काही रुग्णांत मनगटे, बोटे व घोटे यांचे दुखणे महिनोन्महिने राहते. सांध्यांचा शोथ तीन महिन्यांनंतरही टिकल्यास तो संधिवाताभ शोथ तर नाही ना, हे पाहावे लागते.

तरुणांतील कण्याचा शोथ

चाळिशीच्या आतील व्यक्तीची कंबर पहाटे दुखत असेल, विश्रांतीने वाढत असेल व हालचालीने कमी होत असेल, तर कण्याच्या सांध्यांचा शोथ असण्याची शंका घेतात. एचएलए-बी२७ या जनुकाशी त्याचा संबंध आहे. उपचार न झाल्यास मणके एकमेकांना जुळून पाठ बांबूसारखी ताठ होते.

मृदू ऊतींचे विकार

मुरगळणे म्हणजे अस्थिबंध ताणला किंवा फाटला जाणे होय. लचक भरण्यात स्नायूंचे तंतू दुखावतात. कोपर, खांदा व टाच येथील जुनाट दुखणी मात्र बहुधा कंडरांची असतात. त्यांना पूर्वी शोथ समजले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली तेथे शोथाच्या पेशी फारशा आढळत नाहीत. कोलॅजनचे तंतू विस्कटलेले आणि अर्धवट भरून आलेले दिसतात. म्हणूनच अशा दुखण्यात टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम वेदनाशामकांपेक्षा अधिक टिकाऊ गुण देतो.

खांदा आखडण्याच्या विकारात सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते. मधुमेही व्यक्तींत तो विशेष आढळतो. मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला गेल्यास रात्री अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. गर्भावस्था, मधुमेह व अवटू ग्रंथीचे विकार यांत त्याचे प्रमाण अधिक असते. मणक्यांमधील चकतीचा मऊ गाभा बाहेर सरकून मज्जातंतूवर आल्यास कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. यातील बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे ही मात्र तातडीची अवस्था असते.

मृदू ऊतींतील बहुतेक गाठी चरबीच्या किंवा निरुपद्रवी असतात. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल, वाढत जाणारी किंवा काढल्यावर पुन्हा उद्भवलेली गाठ कर्करोगाची असू शकते. अशी गाठ चोळू नये आणि चित्रण व ऊतिपरीक्षा झाल्याशिवाय काढू नये, कारण चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

प्रमाण व पाहणी

जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमानुसार पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, हाडे वा स्नायूंची तक्रार असल्याचे आढळले. संधिवाताभ शोथाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. म्हणजे 'संधिवात आहे' असे सांगणाऱ्या बहुसंख्यांचे दुखणे झिजेचे, मृदू ऊतींचे किंवा निश्चित नाव न देता येणारे होते. शेतीवर जगणाऱ्या गावात या दुखण्यांचा भार किती आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

निदान

निदानाचा पाया दुखण्याचा इतिहास व शारीरिक तपासणी हाच आहे. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यापासून हाडे प्रत्यक्ष पाहता येऊ लागली. तथापि क्षय वा अस्थिमज्जाशोथाच्या आरंभी क्ष-किरण चित्र सर्वसाधारण असू शकते. अशा वेळी एमआरआय उपयुक्त ठरते. उलटपक्षी पन्नाशीनंतर बहुतेकांच्या चित्रात थोडी झीज दिसतेच. ती दिसली म्हणून वेदनेचे कारण तीच, असे गृहीत धरता येत नाही. संधिद्रवाची तपासणी, रक्तचाचण्या व ऊतिपरीक्षा यांचा आवश्यकतेनुसार उपयोग करतात.

धोक्याची चिन्हे

पुढील चिन्हे आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

• ताप व एकाच सांध्याची अचानक सूज
• रात्री झोपेतून उठवणारी, सतत वाढणारी वेदना
• वजन घटणे, बारीक ताप व जुनाट पाठदुखी
• पायांतील शक्ती कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे
• लहान मुलाचे लंगडणे किंवा अवयव हलवण्यास नकार
• वाढत जाणारी गाठ
• किरकोळ धक्क्याने हाड मोडणे
• पट्टी वा प्लॅस्टरनंतर बोटे बधिर किंवा निळी पडणे

स्टिरॉइडचा गैरवापर

फिलिप हेंच व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॉर्टिसोन या स्टिरॉइडने संधिवाताभ शोथाचा रुग्ण चालता केला. या कार्याचा १९५० च्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. योग्य मात्रेत व देखरेखीखाली हे औषध आजही मोलाचे आहे. मात्र बिननावाच्या पुड्या, काळ्या गोळ्या व 'तीन दिवसांत गुण' देणारी चूर्णे यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. त्याने दुखणे झपाट्याने थांबते, पण हाडे विरळ होतात, खुब्याचे हाड मरते, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो आणि दडलेला क्षय उफाळून येतो. चेहरा गोल होणे व त्वचा पातळ होणे ही त्याची बाह्य चिन्हे होत. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद करणेही जिवावर बेतू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. ज्या औषधावर घटकांची नावे छापलेली नाहीत ते न घेणे हाच यावरील सोपा नियम होय.

इतिहास

सुश्रुतसंहितेत भग्न अस्थींचे विवेचन असून सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील सांध्यांची सूज व ताठरपणा यांचे वर्णन आजच्या शोथजन्य संधिविकारांची आठवण करून देते. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींच्या अभ्यासाने विकृतिविज्ञानाचा पाया घातला गेला. गॅरॉड यांनी गाउट व संधिवाताभ शोथ हे भिन्न रोग असल्याचे दाखवले, तर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला. त्यामुळे 'वात' या एका शब्दाखाली मोडणारी दुखणी कारणांनुसार वेगळी करता येऊ लागली आणि त्यांतील क्षयासारख्या काही रोगांवर निश्चित उपचार शक्य झाले.